मोजणी

फोनवर फ्रीडा म्हणाली, फक्त तीन रात्री, मॅव्हिस,
गुरुवारपर्यंत.
मी म्हटलं, ती खोली ओल्या कपड्यांची आहे.
हंबर नदीकाठच्या या हवेत
एक टॉवेल वाळायला दोन दिवस घेतो,
तिथे दोऱ्या बांधल्यात मी.
ती म्हणाली, दोऱ्या सोडता येतात ना?

सोडल्या.
खिळे राहिले.

तो आला तेव्हा सव्वाआठ वाजले होते.
पायांत दुसऱ्या कुणाचे तरी बूट, हातात निळी पिशवी,
पिशवीत दोन पत्रं.
पहिलं म्हणत होतं, तुम्ही या देशात राहू शकता.
दुसरं म्हणत होतं, तेव्हा आता दिलेली खोली रिकामी करा.
पहिलं आलं म्हणूनच दुसरं आलं,
हे तीनदा वाचल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.
तेहतीस वर्षं बस चालवली मी.
तिकीट काढलं म्हणून
कुणाला खाली उतरवलं नाही कधी.

नाव हब्तोम. काम काय करायचास विचारलं
तर त्यानं हवेत एक न दिसणारी साखळी ताणली
आणि एक डोळा मिटला.
जमीन मोजायचा.
केरेनच्या बाजूची शेतं, विहिरी, चर्चमागचं पडीक.
कुणाची हद्द कुठे संपते
हे गाव त्याला विचारायचं.

सकाळी खाट अशी, की रात्री कुणी झोपलंच नव्हतं.
दात घासले की ब्रश पुन्हा पिशवीत.
चमचा धुऊन, पुसून,
होता त्याच दिशेला तोंड करून ठेवलेला.
मी म्हटलं, बाबा, पसर की जरा.
तो हसला आणि खुर्चीच्या आणखी थोडं कडेला सरकला.

शेजारच्या डेस्मंडनं कुंपणावरून विचारलं,
भाडेकरू ठेवलास?
भाडं नाही.
मग पाहुणा?
पाहुणा स्वतःहून येतो आणि त्याला जायला घर असतं.
मी म्हटलं, हब्तोम आहे.
डेस्मंड गवत कापत राहिला.

गुरुवार आला. गुरुवार गेला.
काउन्सिलच्या खिडकीशी आम्ही अडीच तास बसलो.
आतली मुलगी वाईट नव्हती, तिला सर्दी झाली होती.
तिनं पडद्यावर बघून सांगितलं,
एकटा, तरुण, धडधाकट :
निकड नाही.
परतताना पाऊस तिरका येत होता
आणि तो धडधाकट माणूस
बसच्या काचेवर बोटानं रेघा ओढत होता,
चौकोन, चौकोनात चौकोन.
मग काच पुसली.

फ्रीडा म्हणाली, सोमवारपर्यंत.
मग म्हणाली, बघू.
अकराव्या दिवशी न्हाणीघरातल्या ग्लासात
दोन ब्रश होते.
मी काही बोलले नाही,
पण चहा केला तेव्हा साखर दोनदा घातली.

त्याच संध्याकाळी फोन. नदीपलीकडे, बार्टनला,
एका निवृत्त शिक्षकाकडे दहा रात्री.
ग्लासात पुन्हा एकच.

जाताना त्यानं एक कागद दिला, चार घड्यांचा.
माझ्या खोलीचा नकाशा, मापानं काढलेला.
खिडकी, तापकाची नळी, ओल चढलेला कोपरा,
उत्तरेचा बाण.
अगदी बारीक टिंबांनी चार खिळेही, आणि त्यांच्यामधून
माझ्या दोऱ्या,
ज्या त्यानं कधी पाहिल्याच नव्हत्या.
खाट मात्र काढली नव्हती.

तो गेल्यावर मी शिवणाची फीत घेऊन
गुडघ्यांवर बसले.
लांबी बरोबर. रुंदी बरोबर.
दारापाशी टीचभर चूक निघाली,
मग लक्षात आलं, फीतच जुनी आहे, ताणली गेलीय.

कपडे अजून जिन्याच्या कठड्यावर वाळतात.
चादर बदलली आहे.
फ्रीडाचा निरोप आहे : एक बाई, कडेवर मूल,
दोनच रात्री.
मी विचारलंय, मूल केवढं?